एका पेटीतल्या पंचवीस

मिरगाचा पाऊस लागून चार दिवस झाले होते. रविवारची संध्याकाळ होती. गोव्यात, आमच्या हळदोण्यात जोराची सर आली की आमच्या वाड्यावरचे दिवे जातात, तसे ते गेले होते, आणि मी शेजाऱ्याच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या सोप्यात, त्याच्यासमोरच्या सिमेंटच्या बाकावर बसलो होतो. शेजारी तारवटी आहे. वर्षातले आठ-नऊ महिने क्रूझवर कॅरिबियन समुद्रात, उरलेले घरी. मे महिन्यात सुट्टीवर येताना त्यानं डॉमिनिकन रिपब्लिकमधून सिगारची पेटी आणली होती, पंचवीसची. कस्टमच्या नियमात एका माणसाला बिनकराच्या तेवढ्याच आणता येतात, म्हणून तो दरवर्षी मोजून तेवढ्याच आणतो. त्या दिवशी त्यानं झाकण उघडलं, शेजारी शेजारी पडलेल्या दोन उचलल्या, एक मला दिली, एक स्वतः घेतली. एकाच काडेपेटीनं आम्ही त्या पेटवल्या. पाचेक मिनिटांनी तो डोळे मिटून म्हणाला, "कॉफी कशी लागता मरे." माझ्या तोंडात मात्र कोयनेलच्या गोळीसारखा कडवटपणा पसरला होता आणि नाकात अमोनियाची बारीक तिडीक उठत होती.

माझा पहिला संशय तिरफळावर गेला. दुपारी आमच्याकडे बांगड्यांचं हुमण झालं होतं आणि त्यात बायकोनं हात सैल सोडून तिरफळं घातली होती. तिरफळानं जीभ बधिर होते हे खरं, पण त्याला चार तास उलटून गेले होते. मी शेजाऱ्याला सांगितलं तर त्यानं हात पुढे केला, "दी पळोवं." आम्ही सिगारी बदलल्या. त्यानं माझी एकदा ओढली आणि तोंड वाकडं केलं. "कोडू!" मी त्याची ओढली. खरंच, भाजलेल्या कॉफीचा वास, मागून थोडी कोकोची गोडी, आणि धूर तोंडातून निघून गेल्यावरही जिभेच्या कडांवर रेंगाळणारं काहीतरी, नारळाची करवंटी चुलीत जळते तेव्हाच्या वासासारखं. म्हणजे जीभ माझी ठीक होती. त्याचीही ठीक होती. दोघांना दोन्ही सिगारी तशाच लागल्या. पेटी एक, पाऊस एक, काडेपेटी एक.

ती गोष्ट मला त्या रात्री झोपू देईना.

कारण माझं अख्खं आयुष्य याच एका प्रश्नात गेलं आहे. मी तीस वर्षं औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. एका बॅचमधली प्रत्येक गोळी दुसरीसारखी असली पाहिजे, हे माझं काम. वीस गोळ्या घ्यायच्या, एकेक तोलायची, सरासरी काढायची. गोळी अडीचशे मिलिग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर सरासरीपासून पाच टक्क्यांच्या पलीकडे गेलेल्या गोळ्या वीसमध्ये दोनपेक्षा जास्त असता कामा नयेत. गोळी लहान असेल तर थोडी जास्त सूट. मग प्रत्येक गोळीत औषध किती आहे ते वेगळं तपासायचं. कुणाच्या तरी आईला सकाळी मिळालेली गोळी आणि संध्याकाळी मिळालेली गोळी यांत फरक असून चालणार नाही, ही भीती मी तीस वर्षं घरी घेऊन येत होतो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ती भीती गेलेली नाही. त्यामुळे "असं होतंच" या उत्तरावर मला थांबता येत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी शेजाऱ्याकडून पेटी मागून आणली. माझ्याकडे एक लहान इलेक्ट्रॉनिक काटा आहे, सोनाराकडे असतो तसा. पेटीत सोळा उरल्या होत्या. त्या सगळ्या तोलून वहीत लिहिल्या. सगळ्यांत हलकी ११.२ ग्रॅम, सगळ्यांत जड १३.४. सरासरी १२.३. म्हणजे दोन्ही टोकं सरासरीपासून जवळजवळ नऊ टक्के दूर. माझ्या कारखान्यात अशी बॅच आली असती तर मशीन बंद पडलं असतं आणि अर्ध्या लोकांना रात्रभर थांबावं लागलं असतं. इथे मात्र सोळाच्या सोळा एकमेकींच्या जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. तोच तपकिरी रंग, तीच तेलकट चमक, तेच सोनेरी कडं.

दिसण्याचं कारण मला शेजाऱ्यानं सांगितलं. पोर्तो प्लाताला त्याची बोट लागते. तिथल्या एका सिगारच्या कारखान्यात तो एकदा अर्धा दिवस बसून आला होता. तिकडे माणसं जोडीनं काम करतात. एक जण आतली पानं जुळवून त्यांचा गाभा बांधतो, लाकडी साच्यात दाबून ठेवतो, आणि दुसरी व्यक्ती, बहुतेक वेळा बाई, त्यावर वरचं देखणं पान गुंडाळते. अशा कितीतरी जोड्या ओळीनं बसलेल्या. दिवसाच्या शेवटी सगळ्यांच्या सिगारी एका मोठ्या टेबलावर येतात आणि तिथे फक्त रंग पाहणारी माणसं असतात. गडद एका टोकाला, फिकट दुसऱ्या टोकाला, मधल्या छटा मध्ये. रंगानं जुळलेल्या सिगारी एका पेटीत जातात. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे पेटी जुळवताना बघतात तो फक्त चेहरा. त्या दोन शेजारणी, कॉफीवाली आणि कोयनेलवाली, कदाचित वेगवेगळ्या हातांतून आल्या असतील, आणि टेबलावर त्यांचा रंग जुळला म्हणून एकत्र आल्या.

आणि पानं तर त्याहून वेगळी. तंबाखूच्या झाडाला खालची पानं वेगळी, मधली वेगळी, शेंड्याची वेगळी. खालची पातळ, सहज पेटणारी, चवीला फिकी. तिकडे त्यांना व्होलादो म्हणतात. मधली सेको, वासाची. शेंड्याची लिहेरो, तिच्यावर दिवसभर ऊन पडतं, ती जाड होते, तेल आणि निकोटीन तिच्यात जास्त असतं, आणि ती हळू जळते म्हणून गाभ्याच्या अगदी मध्ये ठेवतात. आता मी जे म्हणतो ते माझ्या धंद्यातून आलेलं आहे. गोळीत औषधाची पावडर असते. त्या पावडरीचे कण एका गोळीत लाखोंनी असतात, ते मोठ्या ब्लेंडरमध्ये फिरतात, आणि एखादा कण कमी-जास्त झाला तरी लाखांत तो बुडून जातो. सिगारीत किती पानं? गाभ्यात तीन-चार अर्धी पानं, त्यांना बांधणारं एक, वरचं एक. झालं. असल्या सिगारीत पान कुटून मिसळता येत नाही, मिसळलं तर ती अख्ख्या पानांची सिगार राहत नाही. लिहेरोचं एक अर्धं पान नेहमीपेक्षा चार बोटं रुंद निघालं, तर त्याला सांभाळून घेणारं दुसरं कुणी आत नसतं. प्रत्येक सिगार ही एकटीच एक बॅच आहे. तीस वर्षं बॅच हा शब्द रोज शंभर वेळा उच्चारूनही हे मला कधी सुचलं नव्हतं.

आपल्याकडे हे लोकांना ठाऊकच असतं. एकाच झाडाचे मानकुराद आंबे एका टोपलीत असतात. नदीकडच्या उन्हातल्या फांदीचा एक फोडावा तर साखर, आणि घराच्या सावलीत वाढलेला दुसरा नुसता पाणचट. आंबेवालीला कुणी जाब विचारत नाही. उलट काजूच्या फेणीचं बघा. कोळंबीत, म्हणजे काजूची बोंडं तुडवायच्या कुंडात, बोंडूंचा रस निघतो तेव्हाच शेकडो बोंडू एकमेकांत मिसळलेले असतात, मग तो रस आंबतो, मग दारू गाळायच्या भाटीवर चढतो. म्हणून एका घागरीतल्या दोन बाटल्या सारख्या लागतात आणि फरक पडतो तो ह्या भाटीत आणि त्या भाटीत, ह्या आठवड्यात आणि पुढच्या आठवड्यात. द्रव सगळ्यांना एक करतो. पानाला ते जमत नाही.

अमोनियाचं मला वेगळं सांगायला नको होतं, माझं नाक त्या वासावरच पोसलेलं आहे. वाळलेली पानं ढीग लावून आंबवतात. ढिगाच्या पोटात उष्णता चढते, पानातला अमोनिया हळूहळू निघून जातो, कडवटपणा मऊ होतो. ढिगाच्या कडेची पानं थंडच राहतात, म्हणून ढीग मोडून पुन्हा रचायचा, कडेची आत, आतली कडेला. एखादं पान दोन्ही वेळा कडेलाच राहिलं तर? माझ्या सिगारीत तेच पान आलं असणार. असणार म्हणजे मला तसं वाटतं; ते पान तर जळून राख झालं, आता तपासायला काय उरलंय.

पावसालाही मी सोडलं नव्हतं. गोव्यात जून ते सप्टेंबर मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी येते. सिगारीला हवेत सत्तर टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो, इथे तो नव्वदच्या वर जातो. शेजाऱ्याच्या पेटीत ओलावा मापायची एक लहानशी चकती होती आणि ती एकाहत्तर दाखवत होती, पण मी अशा चकतीवर विश्वास ठेवत नाही. डब्यात बाटलीच्या बुचात ओलसर मीठ ठेवलं, शेजारी चकती, झाकण घट्ट. साध्या मिठाची ओली लापशी बंद डब्यातली हवा बरोबर पंचाहत्तरवर आणून ठेवते, हे आमच्या लॅबमध्ये नव्या पोरांना पहिल्याच महिन्यात शिकवतात. दुसऱ्या दिवशी चकती बहात्तर दाखवत होती. म्हणजे ती तीन कमी सांगते, पेटीत खरा ओलावा चौऱ्याहत्तर. थोडा जास्त, पण दोन्ही सिगारी त्याच ओलाव्यात होत्या. पाऊस निर्दोष सुटला. त्यानंतर शेजाऱ्यानं पेटी कापडात गुंडाळून देवघराशेजारच्या कोरड्या कपाटात ठेवली, अल्तारवरच्या मेणबत्त्यांच्या पुड्यांसोबत.

पुढच्या रविवारी आम्ही परीक्षा घेतली. सगळ्यांत हलकी मी घेतली, सगळ्यांत जड त्यानं. माझा अंदाज पक्का होता: हलकी म्हणजे सैल बांधलेली, हवा जास्त, जळेल भराभर, तापेल आणि कडू होईल. ती भराभर जळली हे खरं, पाऊण तासाच्या आत संपली. पण कडू झालीच नाही. ती फिकी होती, सुकलेल्या भाताच्या पेंढ्यासारखी, जणू शेंड्याचं पान तिच्या वाट्याला आलंच नव्हतं. त्याची जड सिगार इतकी घट्ट होती की तीनदा विझली, ओढून ओढून त्याचे गाल आत गेले, पण जेवढा धूर आला तेवढा गोड. माझ्या वहीतले सोळा आकडे त्या बाल्कांवात ओले होऊन पडले. वजनावरून चव सांगता येत नव्हती. वजन फक्त एवढंच सांगत होतं की या हातानं आणि त्या हातानं एकच काम दोन तऱ्हांनी केलं.

हात. त्या शब्दाशी आल्यावर मला आत्ती, म्हणजे माझी आत्या, आठवली, आणि खरं म्हणजे ती पहिल्या दिवशीच आठवायला हवी होती.

मी निपाणीचा. तिथे तंबाखूचा वास हवेतच असतो; वखारींच्या बोळातून शाळेत जाताना पोरं शिंकत जायची आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर येऊन बसले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो, आणि आमच्या घरातून भाकऱ्या बांधून जात होत्या एवढंच मला आठवतं. वडील लवकर गेले. आत्तीनं मला वाढवलं ते विड्या वळून. कारखान्याच्या माणसाकडून पाला, तंबाखू आणि दोरा तोलून मिळायचा. रात्री पाला भिजत घालायचा, सकाळी तो पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीनं कापायचा, मांडीवर सूप घ्यायचं, आणि मग दिवस मावळेपर्यंत चिमूट, वळण, तोंड दुमडणं, दोरा. मजुरी हजारावर. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. संध्याकाळी कट्टे घेऊन चेकरसमोर जायचं. तो हातात घेऊन दाबून बघायचा आणि न आवडलेल्या बाजूला टाकायचा. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत, पण तंबाखू आणि पाला तर संपलेला. मी बी.फार्म. झालो त्याच्या फीमध्ये अशी किती हजारं गेली हे मी कधी मोजलं नाही. तिचा खोकलाही त्यातलाच आहे. मी आता हौसेनं सिगार ओढतो हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. तंबाखूनं काय होतं हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको, आणि तरी रविवारी संध्याकाळी मी त्या बाल्कांवात जाऊन बसतो. या दोन गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी राहतात, त्यांचं आपसात बोलणं नाही.

आमच्या गल्लीत एक म्हातारे आजोबा होते. ते रोज आत्तीच्या सुपातून चार विड्या उचलायचे आणि पैसे ठेवायचे. शेजारच्या काकूही विड्या वळायच्या, त्याच पाल्याच्या, त्याच तंबाखूच्या. एकाच पोत्यातनं दोघींना माल यायचा. आजोबा काकूंची विडी घ्यायचे नाहीत. म्हणायचे, तिची चव येगळी. आम्ही पोरं हसायचो. विडीत तंबाखू ती केवढी, पाव ग्रॅमसुद्धा नाही, त्यात कसली आलीय बाईची चव. एकदा आम्ही दोघींच्या विड्या मिसळून त्यांच्यापुढे धरल्या होत्या. त्यांनी एक ओढली आणि टाकून दिली, दुसरी ओढली आणि शेवटपर्यंत ओढली. आम्हालाच ठाऊक नव्हतं कोणती कुणाची, म्हणून ते बरोबर होते की नाही ते तसंच राहिलं. कारखान्यात तर ते कळायची सोयच नव्हती. तिथे सगळ्या बायांचे कट्टे एका भट्टीत भाजले जायचे आणि एकाच कागदात बांधले जायचे.

मी आत्तीला फोन लावला. ऐंशी ओलांडलीय तिनं, ऐकायला कमी येतं, पण विडीचं नाव काढलं की आवाज बदलतो.

"आत्ती, तुझ्या विड्या सगळ्या सारख्या व्हायच्या का गं?"

"सारख्या कशा हुतील? मशीन हाय व्हय मी?" मग थोडा वेळ खोकला. मग ती स्वतःच सांगायला लागली. सकाळच्या दोन-तीनशे घट्ट, कारण बोटं ताजी. जेवण झाल्यावर जरा सैल. दिवेलागणीच्या शेवटच्या शंभर तर कशा झाल्या ते बोटांना कळायचंच नाही. पावसाळ्यात पाला नीट सुकत नाही, म्हणून तंबाखू चिमटीत थोडी कमी घ्यायची, नाहीतर विडी ओढवत नाही. गौरी-गणपतीच्या आठवड्यात हजार लवकर संपवून घरचं बघायचं असायचं, तेव्हाच्या सगळ्या सैल. हे सगळं तिनं मला भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी वही उघडून बसलो होतो. एक शब्द लिहिला नाही.

"आन तू टायफाइडनं पडलेलास त्या साली," ती म्हणाली, "चेकरनं निम्म्या छाटल्या बघ. रोज निम्म्या. हात हिकडं आन जीव तिकडं."

मला तो टायफॉइड आठवतो. कपाळावर ओलं फडकं, आणि ते बदलणाऱ्या बोटांचा तंबाखूचा वास. त्या तीन आठवड्यांतल्या ज्या विड्या छाटीतून वाचल्या, त्याही कुणीतरी ओढल्याच असतील. कट्ट्यातली एक बरी लागली, एक कडू लागली म्हणून कुणीतरी ती रस्त्यात टाकली असेल, आणि कारखान्याला शिवी घातली असेल.

सप्टेंबरात शेजाऱ्याचं बोलावणं आलं, मुंबईहून विमान आणि मग मायामीला बोट. जायच्या आधीच्या रविवारी पेटीत दोनच उरल्या होत्या. मी काटा नेला नाही. पाऊस ओसरला होता, तरी माडांच्या झावळ्यांवरून थेंब पडत होते, आणि म्हापशेच्या नदीकडून चिखलाचा, खाऱ्या पाण्याचा वास येत होता. त्यानं दोन्ही उचलल्या, एक मला दिली. माझी पहिल्या झुरक्यापासूनच चांगली होती. लाकडाचा वास, मग भाजलेल्या शेंगदाण्याचा, मग तीच कॉफी. त्याच्या चेहऱ्याकडे मी बघत होतो. त्यानं तीन-चार झुरके घेतले, काही बोलला नाही, सिगार बोटांत फिरवून तिच्याकडे बघितलं.

"कोडू?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली आणि ती बाकाच्या कडेला विझवायला गेला. मी हात पुढे करून ती घेतली आणि माझी त्याला दिली. तो नको नको म्हणाला, पात्रांव, तूं ओड, म्हणाला. मी ऐकलं नाही. वरचं पान एका ठिकाणी किंचित दुमडून राहिलं होतं, अंगठ्यानं दाबलेलं. तिथपर्यंत पोचायला अर्धा तास लागला. कडू होती. कड्यापर्यंत ओढली.